कोलेस्टेरॉलच्या गोळीचा त्रास झाला तर कळवायचं कुठे आणि कसं

आधी एक जुनी गोष्ट. बायर कंपनीची सेरिव्हास्टॅटिन म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी होती, अमेरिकेत बायकॉल आणि युरोपात लिपोबे नावाने मिळायची, ती ८ ऑगस्ट २००१ ला कंपनीने मार्केटमधून काढून घेतली, कारण काही पेशंटचे स्नायू तुटून किडनी बंद पडत होती. तेव्हा अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याकडे, अशा ३१ मृत्यूंचे रिपोर्ट आलेले होते आणि त्यातल्या १२ जणांना सोबत जेमफायब्रोझिल ही रक्तातली चरबी कमी करायची दुसरी गोळी पण चालू होती. हा १२ चा आकडा कळला कारण कुणीतरी रिपोर्टमध्ये दुसऱ्या गोळीचं नाव पण लिहिलं होतं.

आपल्याकडे औषधांच्या त्रासाचे असे रिपोर्ट गोळा करायचं काम गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन ही केंद्र सरकारची संस्था बघते, २०१० पासून त्यासाठी देशभर प्रोग्रॅम आहे. पेशंट स्वतः कळवू शकतो, घरचे कळवू शकतात, डॉक्टर, नर्स, केमिस्ट कुणीही. औषधानेच झालं हे सिद्ध करायची गरज नाही, नुसता संशय पुरे, लोक इथेच अडतात.

पेशंटसाठीचा वेगळा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. फी नाही, आधार नाही, अ‍ॅफिडेव्हिट नाही. पेशंटचं पूर्ण नाव पण नको, आद्याक्षरं चालतात, मात्र कळवणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन लागतो, तो गुप्त ठेवतात. गोळीचं नाव, डोस, एक्स्पायरी, कधी सुरू केली, कधी बंद केली, काय त्रास झाला, अ‍ॅडमिट व्हावं लागलं का, एवढं भरायचं. गोळी कुणी सांगितली हेही विचारतात, डॉक्टर, केमिस्ट, नातेवाईक की स्वतःच्या मनाने, तिथे लाजू नका खरं लिहा. आणि रिकामी स्ट्रिप प्लीज फेकू नका, प्रिस्क्रिप्शन आणि ब्लड रिपोर्ट पण जवळ ठेवा. बीपी-शुगरच्या, आयुर्वेदिक, ज्या काही गोळ्या सोबत चालू असतील त्या सगळ्या लिहा.

फॉर्म जवळच्या मेडिकल कॉलेजमधल्या, असे रिपोर्ट घेणाऱ्या सेंटरला द्या, नाहीतर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कामाच्या दिवशी फोन करा.

यातून नुकसानभरपाई मिळत नाही, ती केस वेगळी. बंदीचा निर्णय केंद्र सरकार घेतं, औषध कायद्याच्या कलम २६अ खाली, आणि एका फॉर्मवर तो होत नाही.

अंग भयंकर दुखतंय आणि लघवी चहासारखी काळपट होतेय तर फॉर्म राहू दे, आधी डॉक्टर गाठा.