कानाच्या मापाचा आवाज

रंगमंचावर उभ्या असलेल्या गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. मागे ड्रम वाजत असतात, बाजूला गिटारचा ॲम्प्लिफायर असतो, प्रेक्षकांकडे वळवलेल्या मोठ्या स्पीकरांचा आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून थोडा उशिरा परत येतो, आणि या गदारोळात आपला सूर बरोबर लागला आहे की किंचित उतरला आहे, हे त्याला त्याच क्षणी कळावे लागते. अनेक दशके यावर रूढ उपाय होता तो पायाशी तिरका ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचा, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या, त्याच्याकडे वळवलेल्या स्पीकरचा. पण प्रत्येक कलाकाराला आपला मॉनिटर शेजाऱ्याच्या वाद्यावर मात करणारा हवा असतो. शेजारीही मग आपला वाढवतो, आणि बघता बघता रंगमंचावरच्या आवाजाची पातळी 100 डेसिबलच्या पुढे जाते.

ही पातळी कानाला किती वेळ सोसते, याचा हिशेब ठरलेला आहे. अमेरिकेतील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ’ या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो आणि पुढे दर 3 डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे 88 डेसिबलला 4 तास, 94 ला 1 तास, आणि 100 डेसिबलला अवघी 15 मिनिटे. दोन गाणी होईपर्यंत ही मर्यादा संपते, आणि तालीम तर तासन् तास चालते. अंतर्कर्णातील ज्या केशपेशी आवाजाचे विद्युत संदेशात रूपांतर करतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हा हिशेब मी आधीच मांडला.

स्पीकर पायाशी ठेवण्याऐवजी थेट कानातच ठेवावा, ही कल्पना या अडचणीतूनच पुढे आली. 1995 च्या सुमारास ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ‘व्हॅन हेलन’ या बँडचे ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी त्यांच्या कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले आणि त्या कामातून पुढे एक मोठा व्यवसाय उभा राहिला. कानात घालायचे मॉनिटर त्याआधीही होते. मात्र त्या व्यक्तीच्याच कानाचा ठसा घेऊन बनवलेले इन-इअर आज जगभरचे कलाकार वापरतात, आणि त्यांची सुरुवात कारखान्यात नव्हे, तर श्रवणतज्ज्ञाच्या, म्हणजे ऑडिओलॉजिस्टच्या खुर्चीत होते.

ठसा कशाचा घ्यायचा, ते आधी पाहू. प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे 25 मिलिमीटर लांब असते. ती सरळ नळी नसून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दोन ठिकाणी वळते. तिचा बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक असतो. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि बारीक केस याच भागात असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असून त्यावरची त्वचा इतकी पातळ असते की तिथे जरासा धक्का लागला तरी कळ येते. शेवटी सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचा पडदा. कोणत्याही दोन माणसांच्या नलिका सारख्या नसतात. एवढेच काय, एकाच माणसाचा डावा आणि उजवा कानही तंतोतंत जुळत नाही.

त्यात ही नलिका स्थिरही नसते. करंगळीचे टोक कानाच्या तोंडाशी हलकेच ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखालची पुढची भिंत हललेली स्पष्ट जाणवेल. खालच्या जबड्याचा सांधा नलिकेच्या अगदी पुढे असतो, आणि तोंड उघडताना जबड्याचे टोक पुढे सरकले की कूर्चेचा भाग ताणला जाऊन नलिका तिथे किंचित रुंद होते. तोंड मिटून घेतलेल्या ठशावरून बनवलेले कवच, म्हणजे कानात बसणारा मॉनिटरचा बाहेरचा साचा, त्यामुळे गप्प बसलेल्या माणसाला घट्ट बसते आणि तोच माणूस वरचा षड्ज लावायला तोंड उघडतो तेव्हा सैल पडते. गायक आणि तोंडाने वाजवायच्या वाद्यांचे वादक यांचा ठसा घेताना दातांमध्ये फोमचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा ठोकळा धरायला देतात, तो यासाठीच. ठोकळा पुढे न करणाऱ्या श्रवणतज्ज्ञाला गायकाने तो आवर्जून मागावा, असे मी म्हणेन.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासात उरकते, पण त्यातला प्रत्येक टप्पा महत्त्वाचा आहे. श्रवणतज्ज्ञ प्रथम कर्णपाळी वर आणि मागे ओढून नलिका थोडी सरळ करतो आणि ओटोस्कोपने, म्हणजे कानात पाहण्याच्या दिव्याच्या उपकरणाने, आत पाहतो. हे करताना त्याच्या हाताचा काही भाग समोरच्याच्या गालावर किंवा डोक्यावर टेकलेला असतो. डोके अचानक हलले तर हातही त्याबरोबर हलावा आणि उपकरण आत टोचू नये, ही त्यामागची काळजी. मळ साचलेला असेल तर ठशात त्याचाच आकार उमटेल, म्हणून आधी तो काढावा लागतो. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर काम तिथेच थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो, कारण ठशाचे द्रव्य फाटक्या पडद्यातून मध्यकर्णात शिरून तिथे घट्ट झाले, तर ते शस्त्रक्रिया करूनच काढावे लागू शकते. घरी ठसा घेण्याचे संच मिळतात. मी ते कोणालाही सुचवणार नाही, कारण स्वतःच्या कानाच्या आत स्वतःला पाहता येत नाही.

तपासणीनंतर दोरा बांधलेला फोमचा बारीक बोळा नलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवला जातो. पडद्यापर्यंत द्रव्य जाऊ न देणारा हा बांध असतो. तो आत सरकताना काहींना अचानक खोकला येतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. घसा आणि स्वरयंत्राकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची एक शाखा कर्णनलिकेच्या त्वचेतही पसरलेली असते, आणि तिला स्पर्श झाला की मेंदूची समजूत होते की काहीतरी घशातच अडकले आहे. मग सिलिकॉनचे दोन भाग सारख्या प्रमाणात मळून पिचकारीत भरले जातात. हे मिश्रण रबरी लॅटेक्सचे हातमोजे घालून मळत नाहीत, कारण लॅटेक्समधील गंधकाच्या संयुगांमुळे सिलिकॉन नीट घट्ट होत नाही. पिचकारीचे टोक द्रव्यात बुडालेलेच ठेवून ती हळूहळू मागे घेत नलिका भरायची, मग बाहेरची वाटी, मग वरची खाच. मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि भरून झाल्यावर वरून बोटाने दाबायचेही नाही, कारण त्या दाबाने मऊ कूर्चा फुगून ठशाचा आकार बदलतो.

खुर्चीत बसलेल्याला हा अनुभव विलक्षण वाटतो. गार, जड काहीतरी कानात उतरत जाते, खोलीतला आवाज क्षणाक्षणाला विझत जातो, आणि शेवटी उरतो तो स्वतःचा श्वास, आवंढा गिळल्याचा आवाज आणि नाडीचे ठोके. पाचेक मिनिटांत सिलिकॉन घट्ट होते. मग कर्णपाळी हलवून कडेने हवा आत जाऊ दिली जाते आणि ठसा सावकाश पिळत बाहेर काढला जातो; हिसका दिला तर मागे निर्माण होणारी पोकळी पडदा ओढते. बाहेर आलेल्या ठशावर नलिकेची दोन्ही वळणे स्पष्ट उमटली आहेत ना, कुठे खड्डा किंवा सुरकुती नाही ना, हे पाहून शेवटी कानात पुन्हा एकदा ओटोस्कोपने पाहतात. वळणे दिसत नसतील तर ठसा पुन्हा घ्यायचा. दुसऱ्यांदा पाच मिनिटे बसणे जिवावर येते खरे, पण इथे केलेली तडजोड पुढे प्रत्येक कार्यक्रमात कानाला जाणवत राहते.

ती का जाणवते, हे कळण्यासाठी सायकलचा पंप आठवावा. पंपाच्या तोंडावर बोट घट्ट दाबून दांडा ढकलला की दाब लगेच जाणवतो. बोट जरा सैल धरून दांडा सावकाश ढकलला, तर हवा फटीतून निसटते आणि दाब तयारच होत नाही. पण झटक्यात ढकलला, तर फट असूनही दाब जाणवतो, कारण तेवढ्या वेळात हवेला बाहेर पडायला सवड मिळत नाही. कवच आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेली हवा जेमतेम घन सेंटिमीटरभर असते आणि मॉनिटरमधला इवलासा ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा छोटा स्पीकर, तिच्यावर पंपासारखेच काम करतो. खर्जाच्या लहरी संथ असतात. केसाएवढी फट राहिली तरी त्या तिथून निसटून जातात. तार सप्तकातील लहरी जलद असल्यामुळे त्या टिकतात. म्हणून सैल बसलेल्या मॉनिटरमध्ये बास गिटार आणि ड्रमचा ठोका आधी नाहीसा होतो आणि उरतो तो पातळ, किनरा आवाज. एका कवचात चार, आठ किंवा बारा ड्रायव्हर असल्याच्या जाहिराती वाचून लोक हरखून जातात, पण फट राहिली असेल तर बारा ड्रायव्हरही तो खर्ज परत आणू शकत नाहीत.

कान बंद करण्याचे आणखी दोन परिणाम असे आहेत की ते निर्मात्याला आणि गायकाला आधीच ठाऊक असावे लागतात. एक म्हणजे, उघडी कर्णनलिका हीसुद्धा एका टोकाला बंद असलेली नळी असल्यामुळे तिच्यात सुमारे 3,000 हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो आणि त्या पट्ट्यातले आवाज पडद्यापाशी नैसर्गिकरीत्याच मोठे होतात. कवच बसवले की नळीची लांबी बदलते आणि हा अनुनाद हरवतो. त्याची भरपाई मॉनिटरच्या रचनेतच करावी लागते, नाहीतर गाण्याचे शब्द दबलेले वाटतात.

दुसरा परिणाम गायकांना अधिक त्रास देतो. दोन्ही कानांत बोटे घालून आधी ‘आ’ आणि मग ‘ई’ किंवा ‘ऊ’ लांबवून म्हणा. आवाज घुमतो, आणि ‘आ’पेक्षा ‘ई’ व ‘ऊ’ जास्त घुमतात. गाताना आपल्या कवटीची आणि जबड्याची हाडे थरथरतात, ती थरथर नलिकेच्या कूर्चेच्या भिंतींपर्यंत पोचते आणि त्या भिंती आतल्या हवेला हलवतात. कान उघडा असताना ही ऊर्जा बाहेर निघून जाते. कान बंद केला की ती पडद्यावर आदळते. खालच्या पट्टीत ही वाढ 20 डेसिबल किंवा त्याहूनही अधिक असू शकते. आकारात तोंड मोकळे असते. ईकार-ऊकारात ते जवळजवळ मिटलेले असल्यामुळे तोंडाच्या पोकळीतला दाब वाढतो आणि त्याबरोबर थरथरही वाढते. कवचाचे टोक दुसऱ्या वळणापलीकडे, हाडाच्या भागापर्यंत पोचले, तर थरथरणारी कूर्चा कवचाखाली झाकली जाते आणि घुमणे बरेच कमी होते. दोरा बांधलेला तो बोळा इतका खोल का बसवतात, याचे एक उत्तर हे आहे.

ठसा पुढे प्रयोगशाळेत स्कॅन होतो, संगणकावर त्याची अनावश्यक टोके छाटली जातात, ड्रायव्हर आणि आवाजाच्या नळ्यांसाठी जागा आखली जाते, आणि प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेतून थरावर थर देत कवच छापले जाते. कडक ॲक्रिलिकचे कवच स्वच्छ आणि दुरुस्त करायला सोपे. मऊ सिलिकॉनचे कवच जबड्याच्या हालचालीबरोबर अधिक चांगले जुळते, पण उघडून दुरुस्त करणे अवघड.

नीट बसलेले कवच बाहेरचा आवाज साधारण 20 ते 25 डेसिबलने कमी करते. त्यामुळे 105 डेसिबलच्या रंगमंचावरही कानापर्यंत बाहेरून 80 ते 85 डेसिबलच पोचतात आणि मॉनिटरचा आवाज त्याहून थोडासाच वर ठेवून भागते. भागते खरे, पण आवाज आपोआप कमी ठेवला जात नाही. संगीतकारांवर झालेल्या मोजमापांत असे आढळले आहे की स्वतः निवडू दिल्यावर अनेक जण कानातला आवाज पायाशी असलेल्या मॉनिटरइतकाच मोठा ठेवतात. वर्षानुवर्षांची सवय त्यांच्या हातात बसलेली असते. प्रेक्षकांची दाद ऐकू यावी म्हणून एका कानातला मॉनिटर काढून गाणाऱ्यांना तर दुहेरी तोटा होतो. उघडा कान संरक्षणाविना राहतो, आणि दोन कानांनी मिळून जाणवणारा मोठेपणा हरवल्यामुळे उरलेल्या कानातला आवाज वाढवला जातो. दाद ऐकायचीच असेल तर प्रेक्षकांकडे वळवलेला एक मायक्रोफोन लावून त्याचा आवाज दोन्ही कानांत थोडासा मिसळावा.

कवचे हाती आली की लाल खुणेचे उजव्या आणि निळ्या खुणेचे डाव्या कानात घालायचे. श्रवणयंत्रांच्या जगात हा संकेत सगळीकडे एकच आहे. मग एखादा खर्जाचा अखंड सूर लहान आवाजात लावावा आणि हळूहळू तोंड पूर्ण उघडावे, हसावे, मान दोन्हीकडे वळवावी. यातल्या कोणत्याही हालचालीत तो सूर अचानक क्षीण झाला, तर त्या जागी फट पडते आहे असे समजावे आणि कोणत्या हालचालीत, कोणत्या कानात हे झाले, ते लिहून ठेवावे. अर्ध्या-एक तासाने कवच काढल्यावर कानात एखादी लाल, दुखरी जागा दिसली तर तिथे ते जास्त भरले आहे. पहिल्या दोषासाठी कवचाला भर घालावी लागते किंवा नवा ठसा द्यावा लागतो, आणि दुसऱ्यासाठी कवच त्या जागी किंचित घासले की पुरते. श्रवणतज्ज्ञाकडे परत जाताना ती टिपणे बरोबर न्यावीत, कारण फट नेमकी कुठे आहे हे त्यालाही ठसा पाहून नेहमी ओळखता येत नाही.