दोन गणेशचतुर्थ्या आणि दोन तारे

२०२३ साली टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टला बसले. बाकी महाराष्ट्रात गणेशचतुर्थी आली १९ सप्टेंबरला. दोन्ही पंचांगांत चंद्र तोच, सूर्य तोच, आणि गणितही दोन्हीकडे आधुनिक कोष्टकांवरून केलेलं. तरी तब्बल महिन्याचा फरक पडला, कारण आकाशाच्या मोजपट्टीचं शून्य दोघांनी वेगवेगळ्या ताऱ्यांवरून धरलेलं आहे: टिळक पंचांगाने रेवतीवरून, बाकीच्यांनी चित्रेवरून. शाळेत सूर्य-चंद्र-तारे शिकवताना हा विषय सहसा कुणी काढत नाही. मला वाटतं काढावा, कारण खगोलाचे पहिले चार-पाच धडे या एका भानगडीतच सापडतात.

सुरुवात चंद्रापासून. आज रात्री आठ वाजता चंद्र ज्या ताऱ्याशेजारी दिसतो, त्या ताऱ्याच्या तो उद्या आठ वाजता बराच पूर्वेला सरकलेला असतो. किती? हात ताणून मूठ डोळ्यांसमोर धरली की आकाशाचे साधारण १०° झाकले जातात. चंद्र दिवसाला सुमारे १३° म्हणजे एका मुठीपेक्षा थोडा जास्त सरकतो. दोन रात्री ओळीने गच्चीवर गेलं तर कुठल्याही मुलाला हे स्वतः मोजता येतं. अशी पूर्ण फेरी मारून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी यायला त्याला २७.३ दिवस लागतात. म्हणून त्याच्या वाटेवर २७ मुक्काम मानले गेले, तीच २७ नक्षत्रं. अथर्ववेदातल्या यादीत ती २८ आहेत, अभिजित धरून. जुन्या वैदिक याद्या कृत्तिकेपासून सुरू होतात. अश्विनीपासून मोजायची पद्धत नंतरची.

इथे एक गोष्ट मुलांना आधीच सांगितलेली बरी. पुढे गणिताच्या सोयीसाठी ही वाट १३° २०′ च्या सारख्या भागांत वाटली गेली. त्यामुळे पंचांगात ‘चंद्र स्वातीत’ लिहिलं असलं तरी स्वातीचा तारा चंद्राशेजारी शोधू नये. तो चंद्राच्या वाटेच्या खूप उत्तरेला, जवळजवळ तीन मुठी लांब आहे. उलट रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे तारे वाटेच्या इतके जवळ आहेत की चंद्र कधीकधी त्यांना झाकूनच टाकतो.

चंद्र ताऱ्यांत फिरतो तसा सूर्यही सरकलेला दिसतो, पण हळू. त्यामुळे एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत २७.३ नाही, २९.५ दिवस जातात. या महिन्याला नाव द्यायचं तर पौर्णिमेचा चंद्र कुठे आहे ते बघायचं. चित्रेजवळ असेल तर चैत्र, विशाखेजवळ वैशाख, मघेजवळ माघ. बाराही नावं अशीच आली आहेत, फक्त नेम अगदी अचूक नसतो, एखाद्या नक्षत्राने मागेपुढे होतं. १५ नोव्हेंबर २०२४ ला त्रिपुरारी पौर्णिमा होती. त्या रात्री चंद्र भरणी सोडून कृत्तिकेत शिरला, आणि कृत्तिकेचा तो लहानसा पुंजका चंद्राच्या उजेडातही दुर्बिणीतून त्याच्या जवळ दिसत होता. कार्तिक महिना म्हणजे काय, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा अशी एक रात्र दाखवणं सोपं.

मग ‘मृग’ जूनमध्ये कसा? शेतकऱ्याचा मृग ७-८ जूनला लागतो आणि दत्तजयंतीच्या आसपास तर मृग रात्रभर आकाशात असतो. पोरं इथे हमखास गोंधळतात. पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. जूनमध्ये सूर्य मृगात असतो, म्हणजे ते तारे दिवसा डोक्यावर असतात आणि रात्री दिसतच नाहीत. डिसेंबरमध्ये सूर्य त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला जातो आणि मृग संध्याकाळी पूर्वेला उगवतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा इतका घरगुती पुरावा दुसरा नसेल.

आता घोळ. बारा चांद्रमहिन्यांचे ३५४ दिवस होतात, ऋतूंचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि अडीच-पावणेतीन वर्षांत एक महिना भरतो, तो अधिक महिना. ही तूट आपल्याकडे फार जुन्या काळी लक्षात आली होती. लगधाच्या वेदांगज्योतिषात पाच वर्षांचं युग आहे: १८३० दिवस, ६२ चांद्रमहिने, म्हणजे पाच वर्षांत दोन अधिक महिने. आजच्या आकड्यांशी ताडून पाहा. ६२ चांद्रमहिने प्रत्यक्षात १८३०.९ दिवसांचे, जवळजवळ बरोबर. पण पाच सौरवर्षं १८२६.२ दिवसांची. दर पाच वर्षांनी ऋतूंशी जवळपास चार दिवसांचं अंतर पडणार. मधूनमधून आकाश बघून दुरुस्ती केल्याशिवाय हे कोष्टक चालणं शक्य नव्हतं.

पुढे सिद्धांतकाळात, म्हणजे सूर्यसिद्धांतासारखे ग्रहगणिताचे संस्कृत ग्रंथ झाले तेव्हा, नियम नेमका झाला. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. ज्या चांद्रमहिन्यात एकही संक्रांत येत नाही, तो अधिक. नियम उत्तम आहे, पण त्यासाठी राशींची हद्द पक्की हवी. हद्द चार अंशांनी सरकवली की संक्रांत चार दिवसांनी सरकते. २०२३ मध्ये नेमकं हेच झालं. १६ ऑगस्टला दुपारी अमावस्या संपली आणि चित्रेच्या हिशोबाने सूर्य सिंह राशीत गेला तो १७ ऑगस्टला दुपारी. पुरत्या एका दिवसाचंही अंतर नाही, तेवढ्याने चुकामूक झाली. महिना संक्रांतीविना गेला म्हणून अधिक श्रावण धरला. रेवतीच्या हिशोबाने ती संक्रांत चार दिवस आधीच, अमावस्येच्या अलीकडे होऊन गेली होती. त्यामुळे तो साधाच श्रावण ठरला आणि त्याच्या पाठोपाठ भाद्रपद आला.

हे चार अंश आले कुठून? सूर्यसिद्धांतात राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापाशी, म्हणजे त्या नक्षत्राच्या खुणेच्या ताऱ्यापाशी पडतो आणि चित्रेचं स्थान दिलं आहे १८०°, म्हणजे बरोबर समोर. आकाशात मात्र या दोन ताऱ्यांमध्ये १८०° नाहीत, सुमारे १८४° आहेत. दोन्ही वचनं एकदम पाळता येत नाहीत, एकाला सोडावं लागतं. त्यातून रेवतीचा म्हणून जो तारा ओळखला जातो तो इतका मंद की शहराच्या उजेडात दिसायचाच नाही, आणि चित्रा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वीस ताऱ्यांत मोडते.

या वादाची ठिणगी पडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, पण त्याआधी महाराष्ट्रात आकाश मोजणाऱ्यांची मोठी परंपरा होती. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी ११५० चा. त्यांचा नातू चंगदेव याने चाळीसगावजवळ पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, १२०७ साली. तसा शिलालेखच तिथे आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

त्याहून मला जवळचे वाटतात ते कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचा मुलगा गणेश. केशवांनी जुन्या सिद्धांतांमधून ग्रहांची स्थानं काढली, प्रत्यक्ष दिसणाऱ्या ग्रहांशी ताडून पाहिली आणि कुठला ग्रंथ कुठल्या ग्रहाला चुकतो हे लिहून ठेवलं. गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे १५२० मध्ये ग्रहलाघव रचला. त्यात त्यांनी ज्या, कोज्या (साइन, कोसाइन) वगैरे भाग काढूनच टाकला. कलियुगाच्या आरंभापासून लाखो दिवस मोजत बसण्याऐवजी ४०१६ दिवसांचं, साधारण ११ वर्षांचं चक्र धरलं. साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह काढता येऊ लागले आणि गावोगावच्या जोशांनी तो ग्रंथ उचलला. सोपेपणाची किंमत तीनेकशे वर्षांनी मोजावी लागली. बारीक चुका साठत गेल्या, ग्रहणं आणि युती पंचांगातल्या वेळेला दिसेनात. केशवांनी जे केलं, म्हणजे ग्रंथ बाजूला ठेवून वर बघणं, ते पुढच्या बहुतेक जोशांनी केलं नाही.

याच सुमाराला इंग्रजी अमदानीत शाळांतून पृथ्वी फिरते असं शिकवायला सुरुवात झाली होती. भोपाळजवळच्या सीहोरचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन याचं म्हणणं होतं की कोपर्निकस शिकवायचा तर भास्कराचार्यांच्या वाटेने शिकवावा: पृथ्वी गोल आहे आणि ग्रहण सावलीने होतं, हे सिद्धांतात आधीच आहे, तिथून पुढचं पाऊल लहान. त्याच्या शाळेतल्या सुबाजी बापूंनी याच धर्तीवर १८३६ मध्ये मराठीतून सिद्धांतशिरोमणिप्रकाश लिहिला. पुराणातला मेरू पर्वत, सिद्धांतातलं विश्व आणि कोपर्निकसचं विश्व शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याची ही पद्धत आजच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा धीट होती.

पंचांगाच्या दुरुस्तीला हात घातला केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांनी. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ त्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे १८६० मध्ये छापली आणि शके १७८७ म्हणजे १८६५ पासून त्यावरून पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांचा आश्रय असल्याने ते पटवर्धनी पंचांग झालं. केरूनानांनी शून्य धरलं रेवतीवरून. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. त्यांनी हाच पक्ष उचलून धरला, १९०४ मध्ये मुंबईत ज्योतिषांची परिषद भरवली, आणि आज त्या पंचांगाला टिळकांचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूने गणित मांडत होते. सोलापूरच्या दाते पंचांगासह आजची बहुतेक पंचांगं चित्रेचीच.

केतकरांचं नाव निघालं की १९११ चा फ्रेंच लेख निघतोच. फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत केलं होतं. सूर्यापासूनचं अंतर आणि प्रदक्षिणेचा काळ १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोशी बऱ्यापैकी जुळतात. अभिमान वाटावा असं आहे, पण प्लूटो इतका हलका निघाला की त्याच्या ओढीवरून कुणालाच त्याचा पत्ता काढता आला नसता. जुळलं ते योगायोगाने, केतकरांचं काय आणि असंच भाकीत करणाऱ्या अमेरिकेतल्या पर्सिव्हल लोवेलचं काय. मुलांना दोन्ही बाजू सांगाव्यात. पंचांगातले नवग्रह आणि पुस्तकातले ग्रह यांचा हिशोबही तेव्हाच उरकून घ्यावा. नवग्रहांत सूर्य आणि चंद्र आहेत. राहू-केतू हे चंद्राची तिरकी वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू. युरेनस १७८१ मध्ये आणि नेपच्यून १८४६ मध्ये दुर्बिणीने आणले.

तिसरा पक्ष होता सायनवाद्यांचा. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुलकी सुमारे २५,८०० वर्षांची. त्यामुळे ऋतूंचे बिंदू ताऱ्यांमधून दर ७२ वर्षांनी एक अंश मागे सरकतात. ताऱ्यांशी बांधलेली मकरसंक्रांत आणि खरं उत्तरायण सुमारे १७०० वर्षांपूर्वी एकाच दिवशी होत होतं. आता उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास आणि तिळगूळ १४ जानेवारीला. सायनवादी म्हणत, तारे सोडा, ऋतू धरा. शंकर बाळकृष्ण दीक्षित याच मताचे. हे पेशाने शिक्षक. १८९६ मध्ये त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास मराठीत लिहिला, तो संदर्भ म्हणून अजून उघडला जातो. सर्वसामान्य वाचकाला तारे ओळखता यावेत म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ही लिहिलं. पंचेचाळिशीच्या आतच, १८९८ मध्ये ते गेले.

स्वातंत्र्यानंतर हा घोळ दिल्लीच्या टेबलावर पोचला. देशात तीसेक वेगवेगळ्या कालगणना चालतात, अशी तक्रार खुद्द नेहरूंनी नोंदवली. १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यात पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी होते. १९५५ च्या अहवालाने दोन वेगळे निर्णय दिले. सरकारी दिनदर्शिका सायन झाली: २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९. आकाशवाणीवर आणि राजपत्रावर दिसणारी भारतीय सौर तारीख ती हीच. सणांसाठी मात्र ऋतूंचं शून्य आणि ताऱ्यांचं शून्य यांच्यात चित्रेवरून ठरवलेला २३° १५′ चा फरक घ्यावा, आणि तो तिथेच गोठवावा म्हणजे सण ऋतूंपासून आणखी लांब जाणार नाहीत, असं समितीने सुचवलं.

पंचांगकर्त्यांनी चित्रा घेतली, गोठवणं घेतलं नाही. त्यामुळे संक्रांत सरकतेच आहे, साधारण सत्तर वर्षांना एक दिवस. २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला होती. पुढे तशी वर्षं वाढत जाऊन १५ हीच नेहमीची तारीख होईल. शेतकऱ्याचा मृगही तिच्याबरोबर तितकाच पुढे जाणार, पाऊस मात्र ऋतूंच्या सूर्याला बांधलेला आहे.