छोट्या जठरात सोड्याचा वायू मावेल कुठे?

‘डायट सोड्यात साखर नाही, कॅलरी नाहीत. मग तो प्यायला काय हरकत आहे?’ वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले अनेकजण हा प्रश्न विचारतात. पण इथे साखरेच्या आधी वायूचा हिशेब मांडायला हवा, आणि त्याला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरेसं आहे.

हेन्रीचा नियम आठवा: द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू अधिक विरघळतो. शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये अशा रीतीने साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो. तो सगळा मोकळा झाला, तर एक लिटरहून जास्त जागा व्यापतो. कॅन उघडल्यावर थोडा उडून जातो, पण पेय थंड असेल तर बराचसा आतच राहतो. पोटात गेल्यावर मात्र पेय ३७ अंशांपर्यंत तापतं. त्या तापमानाला, नेहमीच्या हवेच्या दाबाखाली, एक लिटर पाणी जेमतेम अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवू शकतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका घोटातून त्याच्या दुप्पट-अडीचपट वायू सुटू शकतो.

धडधाकट जठर हे सहज सोसतं, ते फंडसमुळे. फंडस म्हणजे जठराचा वरचा, डावीकडचा घुमटासारखा भाग. मला तर अख्ख्या पचनसंस्थेत हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. आपण घोट गिळतो तेव्हा व्हेगस मज्जातंतूमार्फत संदेश येतो, फंडसमधल्या चेतातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि तिथले स्नायू सैल पडतात. आकारमान वाढतं, पण आतला दाब फारसा वाढत नाही. म्हणूनच एरवी लहानसं असणारं जठर एक-दीड लिटर ऐवज सामावून घेतं. आपण बसलेलो किंवा उभे असताना वायूही वर, याच घुमटात जमतो. घुमट ताणला गेला की अन्ननलिकेच्या तळाशी असलेलं स्नायूंचं कडं क्षणभर उघडतं आणि ढेकर येतो. (ढेकर आला म्हणजे अन्न पचलं, हा समज निराधार आहे. त्या ढेकरेने फक्त वायू बाहेर पडतो.)

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, आणि त्यात जवळजवळ सगळा फंडस जातो. उरते ती १००-१५० मिलिलिटरची अरुंद, कमी ताणली जाणारी नळी. तिच्या तळाशी पायलोरसचं, म्हणजे जठरातून लहान आतड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं, घट्ट कडं तसंच असतं. आता लाप्लासचा नियम लावा: नळीच्या भिंतीतल्या ताणाला त्रिज्येने भागलं की आतला दाब मिळतो. ताण तेवढाच आणि त्रिज्या निम्मी, तर दाब दुप्पट. सैल पडणारा घुमट गेल्यामुळे थोडा वायूही दाब झपाट्याने वाढवतो. मग छातीच्या हाडामागे आवळून कळ येते, मळमळतं, आंबट पाणी घशाशी येतं. स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास तसाही अनेकांना होतो.

गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या शस्त्रक्रियेत गणित थोडं वेगळं. तिथे जठराची १५-३० मिलिलिटरची पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात, मध्ये पायलोरस नसतो. वायूला खाली वाट मिळते, पण एका घोटानेच पिशवी भरते. पेय साखरेचं असेल तर ३३० मिलिलिटरमधली सुमारे ३५ ग्रॅम साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि रक्तातलं पाणी आतड्यात ओढते. परिणामी घाम, धडधड, पोटात मुरडा. याला डॉक्टर ‘डम्पिंग’ म्हणतात.

‘सोड्याने जठर फुगून पुन्हा पहिल्यासारखं होतं’ अशी भीतीही घातली जाते. त्याला ठोस पुरावा नाही. वायू काही काळात ढेकरेवाटे, रक्तात शोषला जाऊन किंवा आतड्यातून निघून जातो. रुग्णाला खोटी भीती घालून का रोखायचं? खरी कारणं पुरेशी आहेत. पहिल्या काही आठवड्यांत टाक्यांची रेषा भरून येत असते, तेव्हा फसफसणारं पेय पूर्ण वर्ज्य. पुढे कधी आणि किती, हे आपल्या शल्यविशारदाला आणि आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावं.

सोडा हलवून, वायू घालवून प्यायला तर? दाबाचा प्रश्न सुटतो, पण आम्ल तसंच राहतं, आणि पेय साखरेचं असेल तर साखरही. शिवाय या रुग्णांना दिवसभरात किमान दीड लिटर द्रव घोटाघोटानेच घ्यावा लागतो, आणि पोटातली जागा आधी पाण्याला आणि प्रथिनांना लागते.