घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आणि रेषेचं गणित

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कुणाला पत्ता विचारा, मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा यातला एक नाका सांगतील, मग डोंगर साइड की खाडी साइड, झालं. एकीकडे येऊरचा डोंगर, दुसरीकडे खाडी, मधे हायवे, त्यामुळे वस्ती रुंद व्हायला जागाच नव्हती, ती लांबच होत गेली. भूगोलात याला रेषीय वस्ती म्हणतात.

आता बघा, १५ किमी लांब आणि १ किमी रुंद पट्टा धरा, त्यातली कुठलीही दोन घरं घेतली तर सरासरी अंतर येतं साधारण ५ किमी, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांश. तेवढंच क्षेत्रफळ गोल शहरात बसवलं तर हेच अंतर जेमतेम २ किमी! माणसं तेवढीच, जागा तेवढीच, पण प्रवास अडीच पट, आणि तोही निव्वळ आकारामुळे.

त्यात सकाळी सगळ्यांना एकाच टोकाला जायचं असतं. ओवळ्याच्या गाड्यांत कासारवडवलीच्या मिळतात, त्यात वाघबीळच्या, मग मानपाड्याच्या, आणि कापूरबावडीला हा सगळा लोंढा एकत्र येतो, वर गुजरातकडचे ट्रक आहेतच. गायमुख घाटात एक कंटेनर बंद पडला तरी बाजूने काढायला दुसरी वाटच नाही. समोरच्या मेडिकलमधून गोळ्या आणायच्या तरी स्कूटर पुढच्या यू-टर्नपर्यंत न्या, नाहीतर गुडघे दुखणाऱ्या आजींनी पादचारी पुलाचे जिने चढायचे.

पण हा आकार वाईटच असं मी म्हणणार नाही. माद्रिदच्या आर्तुरो सोरियाने १८८२ मध्ये मुद्दाम असंच शहर मांडलं होतं, मधोमध ट्राम आणि दोन्ही बाजूंना घरं, म्हणजे कुणालाच ट्राम लांब नको. मेट्रो ४ ची एकच लाइन इथल्या एवढ्या नाक्यांना पुरू शकते ती त्याचमुळे. शिवाय आपल्या त्या पट्ट्याची कड भरते ३२ किमी, गोल शहराची १४ च्या आत, म्हणून इतक्या खिडक्यांतून डोंगर दिसतो आणि जंगलाकडच्या सोसायट्यांत बिबट्याही येतो.

त्यामुळे नुसता रस्ता रुंद करून भागणार नाही असं मला मनापासून वाटतं, रेषा ती रेषाच राहते. बाळकुम ते गायमुख खाडीकिनारी रस्ता झाला आणि दोन्ही रस्ते मधे जागोजागी जोडले तर रेषेची शिडी होईल, एक पायरी अडली तर दुसरीवरून जाता येईल, आणि ठाणे-बोरिवली बोगद्याने पश्चिमेकडे नवं दार उघडेल. जोडरस्ते मात्र आत्ताच आखायला हवेत, मधली जागा टॉवरनी भरायच्या आत.