प्लुटॉनचं रसायन: मूळ खडक कळतो, भूपट्टांची जागा दर वेळी नाही

आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या लॅकलन पट्ट्यात शेकडो ग्रॅनाइट प्लुटॉन (जमिनीत खोलवर थिजलेल्या शिलारसाचे गोळे) उघडे पडलेत. 1974 मध्ये ब्रूस चॅपेल आणि अ‍ॅलन व्हाइट यांनी त्यांचे दोन गट पाडले: अग्निज खडक वितळून झालेले ‘आय’, गाळाचे वितळून झालेले ‘एस’. तर्क साधा. खडक झिजताना सोडियम, कॅल्शियम पाण्याबरोबर जातं, चिखलात अ‍ॅल्युमिनियम उरतं. तोच चिखल पुढे खोलवर वितळला की ते प्रमाण ग्रॅनाइटमध्ये उतरतं. म्हणून कसोटी ‘ए/सीएनके’ची: अ‍ॅल्युमिना भागिले चुना, सोडा आणि पोटॅश यांची बेरीज (अनुक्रमे अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियमचे ऑक्साइड). वजनाचे टक्के नव्हेत, मोल (म्हणजे रेणूंची संख्या) घ्यायचे. 1.1 च्या वर गेलं की एस.

नमुना चुकला तर इथेच फसगत होते. समजा अ‍ॅल्युमिना 14.5, चुना 1.5, सोडा 3.5, पोटॅश 4.5 टक्के, गुणोत्तर 1.09, म्हणजे आय. तोच दगड थोडा कुजून सोडा 3.0 वर आला की 1.16, म्हणजे चक्क एस! त्यामुळे वरची कुजकी साल फोडून ताजा गाभा घ्यायचा, आणि फेल्डस्पारचे मोठे स्फटिक असतील तर मूठभर नव्हे, काही किलो.

1979 मध्ये लोइसेल आणि वोन्स यांनी ‘ए’ गट जोडला: अल्कली जास्त, पाणी कमी, पर्वतनिर्मितीशी न जोडलेले ग्रॅनाइट. रसायनावरून ग्रॅनाइट भूपट्टांच्या कुठल्या जागी झाला हे ओळखण्याची खरी उडी 1984 ची: पिअर्स, हॅरिस आणि टिंडल यांनी अशी जागा आधीच ठाऊक असलेल्या ग्रॅनाइटची 600 हून अधिक विश्लेषणं घेऊन रुबिडियम–यट्रियम–नायोबियम आणि रुबिडियम–यटर्बियम–टँटलम या अगदी अल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांचे आलेख आखले. इथेही नमुना जपावा लागतो: विश्लेषणासाठी टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दगड दळला तर नेमकं टँटलमच वाढतं. चक्की अगेटची (अकीक दगडाची) हवी.

या आलेखांत लडाख बॅथोलिथ (प्लुटॉनांचा अवाढव्य समूह) ज्वालामुखी कमानीच्या, म्हणजे समुद्री भूपट्ट खाली सरकतो तिथल्या ज्वालामुखींच्या रांगेच्या, भागात बसतो, गंगोत्रीचा पांढुरका ग्रॅनाइट ‘टकरीच्या वेळच्या’ भागात. पण भारत–आशिया टक्कर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, गंगोत्री जेमतेम सव्वादोन कोटींचा. म्हणजे त्या भागाचं नाव काळापेक्षा वितळलेल्या गाळाबद्दल जास्त बोलतं. टकरीनंतरचे ग्रॅनाइट हीच मुख्य अडचण, हे पिअर्स मंडळींनी मूळ लेखातच लिहिलं होतं. आलेख उचलणाऱ्यांनी ते बहुधा वाचलं नाही. राजस्थानातल्या सुमारे 75 कोटी वर्षांच्या मलानी या अग्निज खडकांच्या समूहात सिवाना, जालोरचे ग्रॅनाइट ‘ए’ ठरतात, तरी कुणी त्यात भूखंड ताणल्याची खूण पाहतं, कुणी समुद्री भूपट्ट खाली सरकल्याची.