चक्र मालाचं आणि माहितीचं: चक्रीय व्यवसायांची पार्श्वभूमी

१९५०च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकच्या अधिकाऱ्यांना एक कोडं सुटत नव्हतं. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्यांत काम चालायचं, आणि काही वर्षांतच निम्म्या कामगारांना घरी बसवायची वेळ यायची. बाजारातल्या तेजी-मंदीवर बोट ठेवून त्यांचं समाधान होईना. त्यांनी हा प्रश्न जे फॉरेस्टर यांच्यापुढे ठेवला. फॉरेस्टर मूळचे विद्युत अभियंते, संगणकाच्या जडणघडणीत मोठं काम करून १९५६मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात आलेले. त्यांनी वहीचं पान घेतलं आणि रकाने आखले: शिल्लक माल, कामगार, हातातल्या ऑर्डरी. मग पेन्सिलीने एकेक आठवड्याचा हिशोब पुढे नेत गेले. बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली, तरी कामगारांची संख्या वर-खाली होतच राहिली. गडबड कारखान्याच्या स्वतःच्याच नियमांत होती. माल किती साठवायचा आणि माणसं कधी घ्यायची याचे निर्णय होत, पण त्यांचे परिणाम दिसेपर्यंत पुढचे निर्णय होऊन गेलेले असत.

चक्रीय अर्थव्यवस्थेची कहाणी बहुतेक वेळा कचऱ्याच्या ढिगापासून सुरू होते. मला ती या वहीच्या पानापासून सांगावीशी वाटते. वस्तू परत घेऊन पुन्हा वापरात आणणारे व्यवसाय कुठे टिकले आणि कुठे फसले हे पाहिलं, तर निव्वळ तंत्रज्ञानाने फरक पडल्याची उदाहरणं थोडी सापडतात. मालकी कोणाकडे होती, वस्तू बिघडल्याची झळ कोणाला बसत होती, आणि ती बिघडल्याचं कोणाला किती उशिरा कळत होतं, यावर बरंचसं ठरलं. हे प्रणाली-विचाराचे, म्हणजे सुटे भाग न पाहता त्यांचे एकमेकांवर होणारे परिणाम पाहण्याचे, प्रश्न आहेत.

खरं तर प्रणाली-विचार आणि चक्रीय अर्थव्यवस्था हे दोन्ही प्रवाह उगमापाशी शेजारीशेजारीच होते. जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी प्रणालींचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला आणि नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८मध्ये यंत्रांमधल्या व सजीवांमधल्या फीडबॅकचं, म्हणजे कृतीचा परिणाम मागे फिरून पुढच्या कृतीला वळण देतो त्याचं, शास्त्र उभं केलं. बर्टालान्फींच्या सोबतीने प्रणाली-अभ्यासकांची संस्था स्थापन करणाऱ्यांत एक अर्थशास्त्रज्ञ होते, केनेथ बोल्डिंग. त्यांनी १९६६मध्ये पृथ्वीला अंतराळयान मानणारा एक निबंध लिहिला. त्यातलं यानाचं रूपक सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. अशा यानात अर्थव्यवस्थेचं यश किती माल निर्माण केला आणि खपवला यावर मोजता येणार नाही, असं बोल्डिंग म्हणतात. हाताशी असलेला साठा किती चांगल्या अवस्थेत टिकवला, हेच खरं मोजमाप. साठा वेगळा आणि प्रवाह वेगळा, ही फॉरेस्टर यांच्या रकान्यांमागचीच जाणीव.

१९७०मध्ये जगाच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या क्लब ऑफ रोम या गटाच्या बर्नमधल्या बैठकीला फॉरेस्टर हजर होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांनी जगाच्या प्रारूपाचा पहिला आराखडा काढला. त्यातूनच पुढे डोनेला मेडोज, डेनिस मेडोज, यॉर्गन रँडर्स आणि विल्यम बेहरेन्स यांचा, वाढीला मर्यादा आहेत असं सांगणारा, १९७२चा ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल आला. त्यावर वाद पुष्कळ झाले. पण अख्ख्या जगाची लोकसंख्या, भांडवल आणि प्रदूषण मांडणाऱ्या आलेखातून एखाद्या कारखानदाराने उद्या सकाळी काय वेगळं करायचं, हे कळत नव्हतं.

ते सांगितलं एका स्विस वास्तुविशारदाने. वॉल्टर स्टाहेल आणि जनेव्हिएव्ह रेदे यांनी १९७६मध्ये युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला. तेलाचे भाव भडकलेले होते, बेकारी वाढत होती, आणि दोन्ही प्रश्नांवर वेगवेगळी खाती वेगवेगळे उपाय शोधत होती. या दोघांनी मोटारी आणि इमारती या दोन उद्योगांचा हिशोब टप्प्याटप्प्याने मांडला. उद्योगात लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन-चतुर्थांश ऊर्जा खाणीतून कच्चा माल काढून त्याचं पोलाद, सिमेंट वगैरे करण्यात जाते. त्या मालापासून वस्तू घडवायला उरलेली चतुर्थांश पुरते. माणसांच्या श्रमाचं प्रमाण बरोबर उलटं आहे. म्हणजे जुनी मोटार वितळवून नवं पोलाद करण्याऐवजी तीच मोटार नीट केली, तर ऊर्जा वाचते आणि हातांना काम मिळतं. या मांडणीतून चक्रांची उतरंडही आपोआप ठरते. वस्तू आहे तशी पुन्हा वापरणं सगळ्यात किफायतशीर, मग दुरुस्ती, मग सुटे भाग बदलून पुनर्निर्मिती, आणि वितळवणं अगदी शेवटी. आजही ‘चक्रीय’ म्हटलं की लोक थेट त्या शेवटच्या पायरीवर जाऊन पोचतात, याचं मला फार वाईट वाटतं. पन्नास वर्षांपूर्वीचा हा हिशोब इतका स्वच्छ आहे.

स्टाहेल पुढे एक पाऊल गेले. १९८२च्या निबंधात त्यांनी म्हटलं की वस्तू विकण्याऐवजी तिचा वापर विकावा. विक्रीत उत्पादकाचा वस्तूशी संबंध गल्ल्यापाशी संपतो. वस्तू लवकर मोडली तर त्याची पुढची विक्रीच वाढते. वापर विकला की हेच गणित उलटं फिरतं, कारण मोडलेली वस्तू त्याच्याच खिशाला भारी पडते.

अशी काही उदाहरणं तोवर घडूनही गेली होती, फक्त त्यांना कोणी चक्रीय म्हणत नव्हतं. १९५९मध्ये आलेलं झेरॉक्स ९१४ हे प्रत काढण्याचं यंत्र जवळपास तीनशे किलोंचं होतं. किंमत इतकी की कचेऱ्या ते विकत घेण्याची शक्यता कमीच. म्हणून कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं, त्यात २,००० प्रती मोफत, आणि त्यापुढे दर प्रतीला काही सेंट. यंत्राला मीटर बसवलेला होता. या मीटरकडे जरा थांबून पाहायला हवं. कोणतं यंत्र कुठे किती चालतं हे कंपनीला कळत होतं, आणि बंद पडलेलं यंत्र म्हणजे थांबलेली कमाई असल्याने ते तातडीने नीट करणं तिच्याच हिताचं होतं. भाड्याची यंत्रं परत येणार हे ठरलेलंच होतं. पुढे झेरॉक्सने जुन्या यंत्रांची पुनर्निर्मिती मोठ्या प्रमाणावर हाती घेतली तेव्हा ही सवय कामी आली. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल सिडली कंपनीने १९६२मध्ये व्हायपर जेट इंजिनासाठी तासाचा दर लावला. विमान जितके तास उडेल तितके पैसे, आणि देखभाल कंपनीकडे. रोल्स-रॉईसने ही कंपनी घेतल्यावर तीच रीत पुढे तिच्या धंद्याचा कणा बनली.

इथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे, कारण भाडेपद्धतीची भलामण हल्ली फार सहज केली जाते. आयबीएमसुद्धा आपली यंत्रं फक्त भाड्यानेच देत असे, आणि त्यामागे वस्तू टिकवण्यापेक्षा बाजार मुठीत ठेवण्याचा हेतू मोठा होता. यंत्र कोणाच्याच मालकीचं होत नसल्याने जुन्या यंत्रांचा बाजार उभा राहत नव्हता आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना वाव नव्हता. १९५६मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत आयबीएमला यंत्रं विकायलाही ठेवावी लागली. करार तोच, पण हेतू बदलला की परिणाम पार बदलतो.

आणि हेतू चांगला असूनही घोडं अडतं. गालिचे बनवणाऱ्या इंटरफेस कंपनीच्या रे अँडरसन यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात गालिचे विकण्याऐवजी त्यांची सेवा देण्याची योजना आणली. तुकड्यातुकड्यांचा गालिचा, झिजेल तेवढाच चौकोन बदलायचा, जुना कंपनी परत नेणार. कागदावर काहीच उणं नव्हतं. पण ग्राहक-कंपन्यांत गालिच्याचा खर्च इमारतीच्या भांडवली खर्चात धरला जाई, आणि मासिक सेवेचे पैसे चालू खर्चातून जाणार होते. दोन्ही अंदाजपत्रकं वेगळ्या माणसांच्या हातात. एकाची बचत दुसऱ्याच्या खात्यावर खर्च म्हणून पडत होती. योजनेला फार थोडे ग्राहक मिळाले. इंटरफेसने चक्र आपल्या कारखान्याभोवती नेमकं आखलं होतं, पण ग्राहकाची हिशोबाची पद्धत त्या आखणीच्या बाहेर राहिली.

याच्या उलट डेन्मार्कमधलं कालुंडबोर. तिथे कोणी आराखडाच केला नव्हता. भूजल कमी म्हणून १९६१मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी टिस्सो सरोवरातून पाणी आणलं गेलं. १९७२मध्ये शुद्धीकरण कारखान्यात वाया जाणारा वायू शेजारच्या जिप्समच्या फळ्या बनवणाऱ्या कारखान्याने घ्यायला सुरुवात केली. पुढे औषध कारखान्याचा गाळ शेतात खत म्हणून जाऊ लागला, आणि वीजकेंद्राची वाफ कारखान्यांत खेळू लागली. १९९०च्या दशकात वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक काढताना तयार होणारा जिप्सम त्याच फळ्यांच्या कारखान्यात पोचला. प्रत्येक व्यवहार दोघांतला, दोघांच्या फायद्याचा. गाव लहान, अंतरं कमी, व्यवस्थापक एकमेकांना ओळखणारे. आपण मिळून एक जाळं विणलं आहे हे त्यांच्याही लक्षात आलं ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस.

कालुंडबोरचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र निसटते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल झाला की दोघेही एकमेकांना बांधले जातात. तो जिप्सम कोळसा जळत होता म्हणून मिळत होता. नंतर वीजकेंद्र कोळशावरून लाकडाच्या तुकड्यांकडे वळलं. अशा वेळी जिप्समवर विसंबलेल्या कारखान्याला दुसरा स्रोत शोधावाच लागतो. जे मुळात थांबायला हवं, त्याच्या टाकाऊ मालावर धंदा उभा करताना हा प्रश्न आधी विचारलेला बरा.

त्यानंतरचा नावांचा आणि कायद्यांचा इतिहास भरभर सांगता येईल. १९८९मध्ये रॉबर्ट फ्रॉश आणि निकोलस गॅलोपुलस यांनी उद्योगांकडे परिसंस्था म्हणून पाहणारा लेख लिहिला. १९९०मध्ये डेव्हिड पिअर्स आणि केरी टर्नर यांच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्दप्रयोग आला. त्याच सुमारास स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी वस्तूच्या अंताची जबाबदारी उत्पादकावर टाकण्याची कल्पना मांडली. जर्मनीने १९९१मध्ये वेष्टनांसाठी तसा नियम केला, चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी जपानचा मूलभूत कायदा २०००चा, चीनचा २००९पासून लागू झालेला. एकटीने जगप्रदक्षिणा केलेल्या नौकापटू एलन मॅकार्थर यांनी २०१०मध्ये आपली संस्था काढली, आणि तिच्या २०१२च्या अहवालाने हा विषय बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत नेला. युरोपीय संघाचा पहिला कृती आराखडा २०१५चा.

इतकं होऊनही जगाचा आकडा हलला तो उलट दिशेने. जगभर वापरल्या जाणाऱ्या मालात पुन्हा वापरात आलेल्या मालाचा वाटा २०१८च्या ‘सर्क्युलॅरिटी गॅप’ अहवालात ९.१ टक्के होता, २०२३च्या अहवालात तो ७.२ टक्क्यांवर आला. याचं एक कारण बोल्डिंग यांच्या साठ्यातच दडलेलं आहे. आजवर तयार झालेल्या ॲल्युमिनियमपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अजून वापरात आहे असा त्या उद्योगाचा अंदाज आहे. ते इमारतींत, तारांत, वाहनांत अडकलेलं आहे. आज वितळवायला मिळतो तो काही दशकांपूर्वी घडवलेला माल, आणि तेव्हाचं उत्पादन आजच्यापेक्षा कितीतरी कमी होतं. साठा वाढत असेपर्यंत जुना माल शंभर टक्के परत मिळाला तरी नवी मागणी भागणार नाही. पुनर्वापराची टक्केवारी वाढवण्याच्या घोषणा देताना हा उशीर कोणी धरत नाही.

दुसरं कारण १८६५ इतकं जुनं आहे. विल्यम जेव्हन्स यांनी दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. ट्रेव्हर झिंक आणि रोलँड गायर यांनी २०१७मध्ये हाच मुद्दा चक्रीय व्यवसायांना लावला. नीट करून पुन्हा विकलेला फोन नव्या फोनच्या जागी गेला तर बचत. पण नवा फोन परवडतच नव्हता अशा माणसाने तो घेतला, आणि पहिल्या मालकाने मिळालेल्या पैशांत आणखी नवा घेतला, तर एकूण फोन वाढले. त्या दुसऱ्या माणसाला फोन मिळाला हे चांगलंच झालं, पण त्याला खनिजांची बचत म्हणता येत नाही. कंपनीच्या हद्दीत हे दिसणारच नाही. त्यासाठी हिशोबाची सीमा कंपनीबाहेर न्यावी लागते.

डोनेला मेडोज यांनी १९९९मध्ये एखाद्या प्रणालीत हात घालायच्या बारा जागांची यादी केली होती, सगळ्यात दुबळ्या जागेपासून सगळ्यात प्रभावी जागेपर्यंत. कर, अनुदान, टक्केवारी यांचे आकडे अगदी तळाशी आहेत. माहिती कोणाला मिळते ही बाब त्यांच्या खूप वर, त्याच्याही वर नियम, आणि आणखी वर प्रणालीचं उद्दिष्ट. ॲमस्टरडॅमजवळच्या एका वसाहतीतल्या एकसारख्या घरांचं उदाहरण त्या देत. काही घरांत विजेचा मीटर तळघरात होता, काहींत समोरच्या दालनात. डोळ्यांसमोर मीटर असलेल्या घरांत विजेचा वापर जवळपास एक-तृतीयांशाने कमी होता. दर तोच, घरं तीच.

युरोपीय संघाचा २०२३चा बॅटरी कायदा माहितीच्या याच जागेवर बोट ठेवतो. १८ फेब्रुवारी २०२७पासून विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या आणि मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होणार आहे. त्यात बॅटरी कशाची बनली आहे आणि तिची आजची अवस्था काय आहे हे नोंदलेलं असेल. काही माहिती सर्वांना खुली राहील, आणि सुटी कशी करायची यासारखा तपशील दुरुस्ती व पुनर्वापर करणाऱ्यांना मिळेल. बॅटरीला दुसऱ्या कामासाठी नवं रूप दिलं, तर जबाबदारी ते रूप देणाऱ्याकडे जाईल. स्टाहेल ज्या दुरुस्तीचा हिशोब मांडत होते, तिच्यासाठी लागणारी माहिती प्रथमच वस्तूबरोबर प्रवास करील. पण ही माहिती मुख्यतः पुढच्या हातांकडे जाणारी आहे. बॅटरी कुठे आणि का लवकर बाद झाली, हे तिचा आराखडा करणाऱ्यापर्यंत मागे पोचायचं असेल, तर ती वाट कंपन्यांना आपापल्या करारांत स्वतःच बांधावी लागेल.