आंदालुसियात सायकलवर: जुन्या रेल्वेमार्गांवरच्या सहलीचं माहितीपत्रक

हे पत्रक आधी पूर्ण वाचा, मग पैसे भरा. ही सहल कुणाला मानवेल आणि कुणाला नाही, ते आम्ही यात सरळ लिहिलं आहे.

सहल दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात आहे. खाएन, कोर्दोबा आणि कादिस हे तिथले तीन जिल्हे आपण पाहतो. सगळा मुलूख डोंगराळ. तरीही आठवड्यातून दोनदा सायकल चालवणारी पंचावन्न-साठ वर्षांची माणसं ही सहल आरामात करतात. त्याचं कारण म्हणजे आपण ज्या वाटेवरून जातो ती मुळात आगगाडीसाठी आखलेली वाट आहे.

रेल्वेचं चाक लोखंडी, रूळही लोखंडी. दोघांमध्ये पकड इतकी कमी की जास्त चढ गाडीला झेपतच नाही. म्हणून रेल्वे बांधणारे डोंगराला वळसा घालतात, बोगदा खणतात, दरीवर पूल टाकतात, पण चढ वाढू देत नाहीत. आपल्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आपल्या वाटेवरचा चढ बहुतेक ठिकाणी याहूनही कमी आहे. पायांना तो जाणवतो, पण शेजारच्याशी गप्पा मारता येतात.

स्पेनमध्ये असे बंद पडलेले रेल्वेमार्ग पुष्कळ. १९९३ पासून त्यांतले एकेक पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांसाठी खुले होत गेले आणि आज त्यांची लांबी ३,००० किलोमीटरच्या वर आहे. तिथे या मार्गांना ‘बिया वेर्दे’ म्हणतात. आपण त्यांतले दोन करतो.

पहिला तेलाचा मार्ग. खाएनपासून पुएन्ते खेनिलपर्यंत १२८ किलोमीटर. १८९० च्या दशकात बांधलेल्या या रेल्वेने ऑलिव्हचं तेल वाहून नेलं जायचं. १९८० च्या दशकात ती बंद पडली. दऱ्यांवरचे तिचे लोखंडी पूल अजून उभे आहेत आणि आपण त्यांच्यावरूनच जातो. ग्वादाखोस नदीवरचा पूल दोनशे मीटरहून लांब आहे, तो ओलांडला की खाएन जिल्हा संपून कोर्दोबा सुरू होतो. दोन्ही बाजूंना ऑलिव्ह, आणि नुसते ऑलिव्हच. एकट्या खाएन जिल्ह्यात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारी काहींना कंटाळाही येतो. मग लुकेजवळ डोंगर जवळ यायला लागतात, वाट चुनखडीच्या कड्यांच्या पायथ्याने जाते आणि वर सुएरोस दिसतं, कड्याच्या टोकावर किल्ला आणि त्याला लगटून पांढरी घरं. या मार्गावरचा आमचा सगळ्यात आवडता टप्पा सुएरोस ते काब्रा.

दुसरा डोंगररांगेतला मार्ग. ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो, ३६ किलोमीटर, ३० बोगदे, ४ मोठे पूल. गंमत म्हणजे इथून एकही आगगाडी कधी धावली नाही. १९२० च्या दशकात काम सुरू झालं, बोगदे झाले, पूल झाले, स्टेशनंसुद्धा बांधून झाली, आणि पुढे यादवी युद्ध, पैशांची चणचण यांत सगळं अर्धवट राहिलं. आपण ओल्वेराहून निघतो, कारण तिथून उतार आहे. उलट दिशेनेही करतात लोक, आम्ही तसे नेत नाही.

या वाटेवर साफ्रामागोनचा सुळका लागतो. तिथे ग्रिफॉन गिधाडांची मोठी वसाहत आहे. जवळच्या जुन्या स्टेशनातल्या माहिती केंद्रात सुळक्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून ती घरट्यांत बसलेली दिसतात. पण खरी मजा बाहेर, मान वर करून पाहण्यात. ऊन तापलं की एकेक गिधाड कड्यावरून सुटतं आणि पंख न हलवता गोल गोल वर चढतं. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या आसपास. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांतून पोटात जाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली, त्यामुळे इतकी एकत्र पाहायची आपल्या डोळ्यांना सवयच राहिलेली नाही. इथे तासभर थांबायचं असं आम्ही वेळापत्रकातच धरलं आहे.

चढ कुठे आहे?

वाट सपाट असली तरी गावं सपाटीवर नाहीत. शत्रूपासून बचाव म्हणून ही गावं उंचावर वसली, आणि रेल्वे मात्र पायथ्याने गेली. त्यामुळे दिवसभर मजेत आल्यावर मुक्कामाच्या आधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर घाम काढतात. सुएरोसला तर बरेच जण सरळ उतरून सायकल ढकलतात. त्यात कमीपणा काही नाही, आणि अगदीच नको असेल तर खाली जुन्या स्टेशनाजवळ सामानाची गाडी उभी असते. पहिल्या दिवशी खाएन ते मार्तोस हाही सलग हळू चढ आहे, म्हणून त्या दिवसाचं अंतर आम्ही २५ किलोमीटरच्या आसपास ठेवलं आहे. बाकीचे दिवस २५ ते ३६.

गुडघ्यांची तक्रार असेल तर बॅटरीची सायकल घ्या. तिची मोटर २५० वॉटची असते, पॅडल मारलं तरच मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. स्कूटरसारखी बसून न्यायची वस्तू नव्हे.

वाहनं नाहीत म्हणजे काय?

मार्गावर मोटारी नाहीत. पण मध्येच गावरस्ते आडवे येतात. तिथे आडवे दांडे लावलेले असतात आणि थांबायचं आपण, गाडीवाल्याने नव्हे. शेतांजवळ ट्रॅक्टर भेटतात, ऑलिव्हच्या हंगामात जास्तच. संध्याकाळी गावातले आजोबा-आजी फिरायला निघतात आणि वाटेच्या मधोमध चालतात. लांबून घंटी वाजवा, वेग कमी करा, ‘बुएनास’ म्हणा, तेही म्हणतील.

सायकल चालवायची उजवीकडून. दोन दिवस हे लक्षात ठेवावं लागतं, मग जमतं. ब्रेकचं मात्र नीट समजून घ्या: आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाला असतो, तिथल्या भाड्याच्या सायकलींना बहुतेक वेळा डाव्या हाताचा. उतारावर सवयीने डावा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून खाएनला पहिल्या सकाळी मोकळ्या जागेत अर्धा तास नुसता ब्रेकचा सराव असतो. त्याला कुणालाही सुट्टी नाही, रोज सिंहगडावर सायकल नेणाऱ्यांनाही नाही.

हेल्मेट कायम. पुढचा-मागचा दिवा कायम, कारण काही बोगद्यांत आपोआप लागणारे दिवे आहेत, पण ते लागतीलच असं धरून चालू नका. बोगद्यात शिरताना गॉगल काढा. ही सूचना फालतू वाटते, पण उन्हातून आत गेल्यावर काही क्षण खरंच काही दिसत नाही.

पंक्चर होणारच. वाटेच्या कडेला सराटे असतात, आपल्या माळरानावर असतात तेच. आमच्या सायकलींच्या ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारं द्रव्य भरलेलं असतं, त्यामुळे काटा दिसला तर उपटू नका, आम्हाला दाखवा. पाऊस पडून गेला की ऑलिव्हच्या भागातली चिकणमाती चाकांना लगदून बसते. अशा दिवशी आम्ही तो तुकडा गाडीने करतो.

खाणं

न्याहारीला भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि वरून हिरवट तेल, अगदी सढळ हाताने. खाएनचं तेल ‘पिकुआल’ जातीच्या ऑलिव्हचं. जिभेला किंचित कडू लागतं आणि गिळल्यावर घशात ठसका देतं. ठसका लागला म्हणजे तेल ताजं आणि चांगलं, बिघडलेलं नव्हे.

शाकाहारी लोकांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे ‘मांस नको’ म्हटलं तर समोर टूना मासा येऊ शकतो, आणि साल्मोरेखो या टोमॅटोच्या गार, दाट सारावर खामोन म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं भुरभुरवून देतात. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’ (मांस नको, मासा नको, खामोन नको) एवढं पाठ करून या. पालक-चणे, मध घातलेली तळलेली वांगी आणि गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं गार, पातळ सार बहुतेक ठिकाणी मिळतं. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतंच. जैन जेवणाची खात्री आम्ही देऊ शकत नाही, ते आधीच सांगितलेलं बरं.

जेवणाच्या वेळा आपल्या नाहीत. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या आधी क्वचितच. दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी तर जवळपास सगळंच बंद. चिवडा, लाडू, भाकरवडी जरूर आणा. पाणी प्रत्येकाने दोन लिटर जवळ ठेवायचं. आणि हो, दारू पिऊन सायकल चालवली तर तिथे पोलीस दंड करतात.

कधी?

एप्रिल-मे, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी गाठतो, तेव्हा कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही गट नेत नाही. मुलांच्या शाळेला सुट्टी असेल तर मे गाठा.

कागदपत्रं आणि पैसे

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. भेटीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून आम्ही चार महिने आधी कागद मागतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, ते एजंटाकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’ पुरत नाही.

आमच्या दरात मुक्काम, न्याहारी, सायकल, सामानाची गाडी आणि मराठी बोलणारा सोबती येतो. विमान, व्हिसा, दोन वेळचं जेवण येत नाही. सामान गाडीतून पुढे जातं, तरी एका माणसाची एकच बॅग. पॅडची सायकलची चड्डी दोन तरी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. हे विचारायला लोक लाजतात आणि तिसऱ्या दिवशी खोगिरावर बसता येत नाही.

अर्जासोबत उंची आणि पायाचं आतलं माप पाठवा. माप असं घ्या: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये आडवं धरून वर घट्ट दाबा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. पँटची लांबी लिहून पाठवू नका. तिच्यावरून मागवलेली सायकल मोठी येते, आणि मार्तोसमध्ये दुसरी मिळवायला निम्मा दिवस जातो.